चार वाजताचं अज्ञात

१० जानेवारी
हर्षू आली. चपला काढतानाच म्हणाली, "आई, तुझ्यासाठी नोकरी आणलीय. पगार नाही." तिच्या पीएचडीच्या प्रबंधाला चार पानं मराठीत जोडावी लागतात. तिच्या सरांना मराठी येत नाही. तिला येतं, पण या विषयातलं नाही. मी सातवी शिकलेली, पण गावच्या वाचनालयातली दोन कपाटं संपवलेली. म्हणून मी.
"तू शब्द दे. गणित मी बघते."
पहिल्याच ओळीत अडलो. स्टेट ऑब्झर्व्हर. कोशातून तिने 'अवस्था निरीक्षक' शोधून आणलं होतं. म्हटलं, हा तर शाळा तपासायला येणारा साहेब वाटतो.
हसली. हे गेल्यापासून या घरात पहिल्यांदा, मोठ्याने.

११ जानेवारी
सकाळी वाडीत नेऊन समजावलं. बावखलाच्या, म्हणजे आमच्या शिंपण्याच्या तळ्याच्या, काठावर ती बसली, मी उभी राहिले. तिथे मी बसत नाही.
तिचं म्हणणं असं. बावखलाची पातळी काठावरून दिसते. तळाला किती झरे, कुठला किती देतो, हे दिसत नाही. मग कागदावर दुसरं बावखल मांडायचं, याच मापाचं. शिंपण्याला किती उपसलं, पाऊस किती पडला, ते त्यातही धरायचं. रोज दोघांची पातळी ताडून बघायची. फरक पडला की तेवढ्या फरकाने कागदावरच्याला ढकलायचं. काही दिवसांनी ते खऱ्यासारखं वागायला लागतं. मग खऱ्याच्या तळाचं जे दिसत नाही ते कागदावरच्यात बघून घ्यायचं. तो कागद म्हणजे ऑब्झर्व्हर.
मी म्हटलं, 'जोडबावखल' लिही. लिहिलं, मग खोडलं. "विद्यापीठ हाकलून देईल, आई."
बावखल यंदा बरंच भरलेलं आहे. यांची शिंपायची झारी अजून केळीच्या बुंध्याशी पडलीय.

१४ जानेवारी
संक्रांत. हळदीकुंकवाला आपण कुठे जायचं नाही. थोरल्या जाऊबाई वाटीभर तिळगूळ घेऊन मागच्या दाराने आल्या. "शाले, पोरगी बावखलात काय बघत बसलेली गं? मगर सोडलीय काय कोनी?"
म्हटलं, झरे मोजते.
"तिच्या आज्याला नाय मोजता आले. पानी आटलं की कलतील म्हनायचा."
तिळगूळ तोंडात घातला नाही. डबीत ठेवला.

१७ जानेवारी
आज अवघड भाग. अननोन इनपुट.
"समज, शेजारचा कुणी न सांगता आपल्या बावखलात पंप टाकतो. मला पत्ता नाही. मग माझं कागदावरचं बावखल रोज चुकणार, कितीही ढकललं तरी. माझं काम काय, तर चोराचं नाव कळलं नाही तरी झऱ्यांचा अंदाज चुकू द्यायचा नाही. आणि जमलं तर त्याने किती नेलं, कधी नेलं, तेही मागाहून काढायचं."
"जमतं?"
"अट आहे. जेवढे चोर तेवढे तरी पहारेकरी हवेत. आणि चोराचं पाऊल पहाऱ्यावर उमटलं पाहिजे."
कोशात 'अज्ञात' आहे. मी विचारलं, अज्ञात कुणाला? पंप टाकणाऱ्याला तर ठाऊक असतं.
तिने पेन खाली ठेवलं. "हे सरांनीसुद्धा कधी विचारलं नव्हतं."
मी भाकरी उलटायला आत गेले. कशाला बोलले.

संध्याकाळी कळलं, बावखल हा नुसता दाखला. तिचं खरं काम साखरेच्या माणसांचं. दंडावर सेन्सर, पोटाला लहानसा पंप, यंत्राने आपोआप इन्सुलिन द्यायचं. पण माणूस काय खातो ते यंत्राला सांगावं लागतं. माणसं विसरतात. लपवतात. हे न सांगितलेलं खाणं म्हणजे तिचं अज्ञात. पाच माणसांच्या नोंदी घेतल्यात. नावं लिहीत नाहीत, व्यक्ती अ, व्यक्ती ब असं.
चौथी दाखवताना म्हणाली, "हे बाबा."

१८ जानेवारी
गेल्या ज्येष्ठात तिने यांच्या दंडाला सेन्सर लावला होता, पंधरा दिवस. हे शर्टाची बाही वर करून पोस्टमनलासुद्धा दाखवायचे. त्या पंधरा दिवसांचा आलेख तिने आज माझ्यापुढे धरला.
"वरची निळी रेघ बाबांची साखर. खालची लाल, म्हणजे माझ्या गणिताने काढलेलं अज्ञात. दिवसभर बघ, सपाट. आणि चार वाजता हा उंचवटा. रोज. घड्याळ लावल्यासारखा."
"चहा असेल."
"बिनसाखरेचा चहा मी धरलाय. एवढं वर जायला रोज कुणीतरी काहीतरी हातात द्यायला हवं. आणि घरात तूच. म्हणून सर म्हणतात, सेन्सर खराब होता, ही नोंद काढून टाक."
घरात तूच. हे तिने पुरावा म्हणून सांगितलं. संशय म्हणून नाही.
कागद तिने माझ्याकडेच ठेवला, शब्द बघायला.

२० जानेवारी
ती मुंबईला. एकटी आहे तर लिहून टाकते.
सुकेळी मी द्यायची. रोज चारला, हे वाडीतून चहाला आले की एक. वसईच्या बाजाराला जाऊन आले की दोन. जाऊबाई राजेळी केळ्यांची करतात, उन्हात वाळवलेली, मधासारखी चिकट. पत्र्याचा डबा कांद्यांच्या टोपलीमागे. हर्षूला कळू द्यायचं नाही, एवढंच. म्हातारपणी नवरा-बायकोत काहीतरी चोरटं असावं, मला ते आवडायचं. हे म्हणायचे, "केळं म्हणजे फळ. उपासाला चालतं ते साखरेला का नाही चालणार?" मला पटायचं नाही. पटवून घ्यायची.
सेन्सरचा कागद बघून डॉक्टरांनी इंजेक्शन वाढवलं. मी शेजारच्या खुर्चीवर होते. "खाण्यात काही गोडधोड?" त्यांनी मला विचारलं, यांना नाही. मी म्हटलं, नाही.
मग भीती बसली. चातुर्मास लागला त्या एकादशीला देवापुढे बोलले, यांची साखर उतरू दे, चार महिने सुकेळी सोडली. सोडली म्हणजे आम्ही दोघांनी. लोक चातुर्मासात कांदा सोडतात, वांगं सोडतात. यांना विचारलंसुद्धा नाही, शपथ घातली.
वाढवलेलं इंजेक्शन तसंच चालू. सुकेळी बंद. मी काही चांगलं करतेय असंच वाटत होतं.
सहाव्या दिवशी हे बावखलाच्या काठावर पडलेले सापडले. कुणी म्हणालं हार्ट. कुणी म्हणालं शेवाळावरून पाय गेला. सुईचं कुणी काही बोललं नाही.

२४ जानेवारी
हर्षूच्या केसांना तेल लावत होते. ती पुढे बघून बोलत होती.
"आई, एकादशीनंतर तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन आलेला. साखर फारच कमी, मीटर बासष्ट दाखवतंय म्हणाले. मी बसमध्ये होते. म्हटलं, पावसाने पट्ट्या सादळल्या असतील, हात पुसून परत बघा. अर्ध्या तासाने म्हणाले, एकशे दहा. मी म्हटलं, बघा, मीटरच खुळं. मधे त्यांनी पोहे खाल्ले होते का, ते विचारलंच नाही."
"मग?"
"बाबांच्या रोजच्या जेवणावर बासष्ट येत नाही. किती वेळा गणित मांडलं. एकाच तऱ्हेने येतं. ते चारचं काहीतरी खरंच असेल आणि एकादशीला थांबलं असेल, तर. पण तसं काही नव्हतंच ना. म्हणजे आकडा खोटा. खोटाच ना, आई? खरा असेल तर बाबांनी मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही."
माझा हात थांबला नाही. वेणी घालून दिली. हात थांबला नाही याचंच वाईट वाटतंय.

२७ जानेवारी
दोन दिवस हेच. सांगितलं तर माझं उघडं पडेल, ते पडू दे. पण मग बासष्ट खरे ठरतात. मग तिचं 'मीटर खुळं' हेही खरं ठरतं, जन्माला चिकटतं. नाही सांगितलं तर ती 'खोटाच ना' म्हणत राहील, आणि तिला खात्री कधीच होणार नाही.
आई गप्प राहते ती लेकरासाठी, असं मनाशी म्हणून बघितलं. हेही केळं फळ आहे म्हटल्यासारखंच.

३१ जानेवारी
प्रबंध फेब्रुवारीअखेर द्यायचा. सरांनी सांगितलं तसं ठरलं, व्यक्ती ड वगळायची. मराठी वाक्य माझ्याकडून हवं होतं. मी लिहून दिलं, 'सेन्सरमधील दोषामुळे चौथ्या व्यक्तीची नोंद ग्राह्य धरलेली नाही.'
"काय अक्षर आहे गं तुझं," म्हणाली. "ग्राह्य मला सुचलंच नसतं."
यांना कधी कुणी खोटं ठरवलं नव्हतं. मी ठरवलं, शुद्ध मराठीत.

४ फेब्रुवारी
तिच्या इंग्रजी पुस्तकातली तीन पानं शब्दकोश घेऊन वाचली. आठ दिवस लागले. गणित कळत नाही, पण मधली वाक्यं कळतात. एक असं, की सेन्सर बिघडला तरी आणि बाहेरून काही आत आलं तरी, काठावरून दोन्ही सारखीच दिसू शकतात. वेगळी ओळखायची तर आणखी एक पहारेकरी लागतो.
तो पहारेकरी कांद्यांच्या टोपलीशी उभा होता. अजून उभा आहे.

७ फेब्रुवारी
आज जे व्हायचं ते झालं, अर्धं.
हर्षू ओट्यावर कागद पसरून. जाऊबाई नवीन सुकेळी घेऊन आल्या, पहिली खेप. "घे गं शाले, यंदा केली बेस आलीत."
मी हात जोडले. नको.
"अजून सोडलेलंच? अगं, चातुर्मास कवाच उठला. देव पन जागा झाला, तूच झोपलीस."
हर्षूने मान वर केली. "आईने सुकेळी सोडलीत?"
"एकादशीपासून. माज्यासमोर बोललेली."
"पण आईला कुठे आवडायची? लहानपणी मला म्हणायची, दाताला चिकटतात, तुझ्या बाबांनाच दे."
जाऊबाई हसत सुटल्या. "ते पन खरं. नावडीचं सोडून पुन्य मिलवते, लबाड! आवडीचं सोडतात गं. नावडीचं कोन सोडतं?"
मग त्यांच्याच तोंडावरचं हसू गेलं. त्यांना कळलं. दर महिन्याला डबा भरून मी कुणासाठी न्यायची ते त्यांना ठाऊकच होतं. पदर सावरून म्हणाल्या, "चुलीवर दूध हाय," आणि गेल्या. त्यांच्याकडे गॅस आहे.
हर्षूने पेनाला टोपण लावलं. कागद गोळा केले. रविवारपर्यंत राहणार होती, संध्याकाळीच निघाली. दारात विचारलं, "एकादशीला?"
मी हो म्हटलं. एवढंच.

१० फेब्रुवारी
फोन नाही. मी केला. "मीटिंगमध्ये आहे आई." आवाज नेहमीचा. मीही नेहमीच्याच आवाजात बोलले.

१४ फेब्रुवारी
शनिवार. आली नाही. मेसेज, 'काम आहे. जेवून घे.'
जाऊबाई कुंपणापाशी आल्या. "मी बोलले नसते तर बरं झालं असतं काय?"
म्हटलं, नाही.
"मी पन त्यांना देयाची, तू नसलीस की. दीर होता माजा. तोंड वासून मागायचा."
म्हणजे पाऊल एकाचं नव्हतं. हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. जाऊबाईंनीही देणं बंद केलं ते माझ्या शपथेमुळेच.

१७ फेब्रुवारी
यांची वही काढली. तारीख, सकाळ, दुपार, इंजेक्शन, सगळं यांच्या बारीक अक्षरात, पट्टीने आखलेलं. शेवटचा रकाना कोरा. त्याला यांनी मथळाच दिला नव्हता. आखला मात्र होता.
मथळा मी लिहिला, सु.
मग ज्येष्ठापासून एकेक ओळ. १. १. बाजारच्या दिवशी २. पाहुणे होते तेव्हा ०. जाऊबाईंना विचारून त्यांचेही घातले. सेन्सरच्या पंधरा दिवसांशी हर्षूचा तो आलेख ताडून बघितला. जिथे दोन लिहिले तिथे लाल उंचवटा मोठा. शून्य लिहिलं तिथे सपाट. माझी आठवण आणि तिचं गणित ओळीला ओळ जुळलं. तिचं गणित बरोबर आहे. सरांना चुकीचं वाटलं ते माझ्यामुळे.
एकादशीपासून ०. ०. ०. तिसऱ्या दिवशी यांच्याच अक्षरात ६२, त्यावर यांनीच प्रश्नचिन्ह काढलंय. पुढे ११०, आणि कंसात 'पोहे'. हर्षूने विचारलं नव्हतं, पण यांनी लिहून ठेवलं होतं. मी ही वही सात महिने उघडली नव्हती.
सहाव्या दिवसाच्या ओळीला पेन थांबलं.
त्या दिवशी चारला हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. शर्ट ओला. म्हणाले, "शालू, एक दे गं. हात थरथरतायत." मी म्हटलं, "पोरासारखं काय करता. चार महिने कळ काढा." हे हसले. "बरं, देवाचं असेल तर देवाचं." आणि वाडीत गेले. डबा माझ्या हाताच्या अंतरावर होता. मी कांदाच कापत होते.
हे मी कुणाला सांगितलं नाही. इथेही आजच लिहिलं.
वहीत त्या ओळीला ० लिहिलं. समासात, 'मागितलं होतं. दिलं नाही.'

१९ फेब्रुवारी
मराठी पानांची दुसरी प्रत करून ठेवली. सेन्सरच्या दोषाचं वाक्य काढलं. 'अज्ञात' सगळीकडे खोडून 'न सांगितलेले' केलं. अकरा ठिकाणी. तिला पटेल न पटेल, विद्यापीठ ठेवेल न ठेवेल.
तिला मेसेज केला, 'शनिवारी ये. बाबांची वही द्यायचीय.'
दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२१ फेब्रुवारी
आली. दुपारच्या बसने. पाणी प्यायली. मी काही बोलण्याआधीच म्हणाली, "वही दे."
दिली. वर मराठी पानं ठेवली होती. पहिलं पान बघितलं, 'न सांगितलेले' वर तिचं बोट थांबलं. म्हणाली, "इंग्रजीतसुद्धा असंच म्हणतात, जेवणाच्या बाबतीत. तुला सांगायचं राहिलंच होतं."
"हर्षू, बासष्ट खरे होते. पण ते तुझ्यामुळे नाही..."
"थांब. मला ओळीने वाचू दे. शेवट आधी सांगू नकोस."
वही घेऊन बावखलावर गेली. मी मागोमाग गेले नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते, पाठमोरी, हे बसायचे त्याच दगडावर. खांदे हलत नाहीत. एवढ्या लांबून पाठ बघून आतलं काय कळणार. मी पुस्तकातली तीन पानं वाचलेली बाई.
पानं मोजतेय. प्रत्येक पान उलटताना तिचा उजवा कोपर वर येतो. ज्येष्ठाची चार पानं झाली. आषाढाचं पहिलं झालं. एकादशी पुढच्या पानावर, त्याच्याच तळाला समासातली ती ओळ.
डबा टोपलीमागून काढून ओट्यावर ठेवलाय. झाकण उघडं. चार वाजलेत.
कोपर वर आला.